सूर्यास्त, कॅमेरा आणि पेट्रोल: कॅलिफोर्निया जॅममधल्या एका ध्वनिमुद्रणाचं प्रकरण

प्रकरण कशाचं

६ एप्रिल १९७४ रोजी कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला असलेल्या ऑन्टारिओ मोटर स्पीडवे या मोटारशर्यतीच्या मैदानावर कॅलिफोर्निया जॅम नावाचा एक दिवसाचा रॉक महोत्सव झाला. तिथे डीप पर्पल या ब्रिटिश हार्ड रॉक बँडचा जो कार्यक्रम झाला, त्याचं एबीसी या टीव्ही कंपनीने चित्रण आणि ध्वनिमुद्रण केलं. पन्नास वर्षं उलटून गेली तरी ते ऐकलं आणि पाहिलं जातं. मात्र बोललं जातं ते बहुतेक वेळा शेवटच्या काही मिनिटांबद्दल. गिटारवादक रिची ब्लॅकमोरने टीव्हीच्या कॅमेऱ्यात गिटार खुपसली, अँप्लिफायर पेटवला, स्फोट झाला आणि बँड हेलिकॉप्टरने निघून गेला.

हा किस्सा सांगून थांबणाऱ्यांच्या हातून मोलाची गोष्ट निसटते असं मला वाटतं. त्या दिवशी एकाच स्टेजवर दोन कार्यक्रम चालू होते. एक मैदानात बसलेल्या लोकांसाठी होता, दुसरा घरी टीव्हीसमोर बसणाऱ्यांसाठी. दोघांची वेळ वेगळी, प्रकाशाची गरज वेगळी आणि आवाजाची गरजही वेगळी. या दोहोंत मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे आधी नीट ठरलेलं दिसत नाही. पुढचं सगळं त्यातून आलं. खुल्या मैदानावर कार्यक्रम रेकॉर्ड करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण तपासून पाहावं, म्हणून ते मांडतो आहे. कलाकारांची नावं सर्वज्ञात आहेत, ती घेतली आहेत. कॅमेरामन, सहाय्यक आणि अधिकारी यांचा उल्लेख फक्त कामावरून केला आहे.

पार्श्वभूमी

१९६९ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्याच ऑल्टमाँटच्या रॉक महोत्सवात प्रेक्षकांतल्या एका तरुणाचा स्टेजसमोर भोसकून खून झाला. त्यानंतर अमेरिकेत मोठे रॉक महोत्सव म्हटलं की गावोगावच्या प्रशासनाच्या कपाळावर आठ्या पडत. कॅलिफोर्निया जॅमच्या आयोजकांनी म्हणूनच शेत किंवा माळरान न घेता पार्किंग, कुंपण आणि येण्याजाण्याचे रस्ते तयार असलेलं शर्यतीचं मैदान घेतलं. त्यात टीव्हीचा पैसा आला. एबीसीचा ‘इन कॉन्सर्ट’ हा रात्री उशिरा लागणारा संगीताचा कार्यक्रम तेव्हा चालू होता आणि महोत्सवाचं चित्रण त्यासाठीच व्हायचं होतं. गर्दी दोन लाखांच्या वर गेली. त्या दिवशी अर्थ, विंड अँड फायर, ईगल्स, ब्लॅक सॅबथ असे गाजलेले बँड वाजवून गेले. शेवटच्या दोन जागा डीप पर्पल आणि एमर्सन, लेक अँड पामर यांच्याकडे होत्या.

बँडची त्या वेळची अवस्था नाजूक होती. १९७३ च्या जूनमध्ये गायक इयन गिलन आणि बेसवादक रॉजर ग्लोव्हर बाहेर पडले होते. त्यांच्या जागी डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले. कव्हरडेल तोवर जवळजवळ अनोळखी होता, ह्यूज बेस वाजवता वाजवता वरच्या पट्टीत गाणारा. नव्या संचाचा पहिला अल्बम ‘बर्न’ फेब्रुवारी १९७४ मध्ये बाजारात आला होता. म्हणजे महोत्सवाच्या वेळी नव्या गायकाला लोकांसमोर येऊन काही महिनेच झाले होते.

शिवाय थेट ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत या बँडचा मापदंड आधीच फार वर गेलेला होता. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत रेकॉर्ड झालेला ‘मेड इन जपान’ आजही थेट अल्बमचा नमुना म्हणून दाखवला जातो. तो बंदिस्त सभागृहांत झाला आणि ध्वनिमुद्रण बँडच्या रोजच्या विश्वासातल्या अभियंत्याने, मार्टिन बर्चने केलं. कॅलिफोर्नियात दोन्ही गोष्टी नव्हत्या. डोक्यावर छत नव्हतं आणि यंत्रणा टीव्हीची होती.

मैदानावरचा आवाज

इथे जरा थांबतो, कारण मैदानावरचं ध्वनिमुद्रण का अवघड जातं हे कळल्याशिवाय पुढचे निर्णय समजत नाहीत.

सभागृहात भिंती आणि छत आवाज परत फेकतात. त्या गुंजनामुळे ड्रम भरदार वाटतात, गायकाचा आवाज वाद्यांत मिसळतो. मैदानात गेलेला आवाज परत येत नाही. माइकमध्ये येतं ते कोरडं, जवळचं आणि उघडं वाद्य. जी चूक सभागृहात गुंजनाखाली झाकली जाते ती इथे जशीच्या तशी टेपवर उमटते. कॅलिफोर्निया जॅमच्या ध्वनिमुद्रणात बँडचा ड्रमर इयन पेस याचा स्नेअर ड्रम इतका सुटा आणि टणक ऐकू येतो, त्यामागे हेही कारण असावं असं मी मानतो.

गुंजन नाही तर गर्दीचा आवाज तरी हवा, नाहीतर ऐकणाऱ्याला स्टुडिओतच बसल्यासारखं वाटतं. पण गर्दीकडे तोंड केलेला माइक स्टेजपासून ५० मीटरवर ठेवला, तर स्टेजवरचा आवाज तिथे पोचायला सुमारे ०.१५ सेकंद लागतो. हवेतला आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. हा माइक आणि स्टेजवरचे माइक एकत्र मिसळले की प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. आज संगणकावर गर्दीचा ट्रॅक तेवढा मागे सरकवायला दोन मिनिटं लागतात. १९७४ मध्ये टेपवर ते फार कटकटीचं काम होतं, म्हणून गर्दी बरेचदा फक्त गाण्यांच्या मधल्या जागेत वर आणली जाई.

त्यातून वीज. बँडचा कीबोर्डवादक जॉन लॉर्ड वाजवत असे तो हॅमंड ऑर्गन, आणि तो गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून घेतल्यामुळे त्याचा आवाज गिटारइतका खरखरीत होई. या ऑर्गनच्या आत स्वर निर्माण करणारी चाकं फिरवणारी मोटर असते आणि तिची गती विजेच्या फ्रीक्वेन्सीशी बांधलेली असते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ. जनरेटरवर ती ५९ झाली तर अख्खा ऑर्गन अर्ध्या स्वराच्या पावभागाहून थोडा जास्तच उतरतो. गिटारवाला तारा सैल करून जुळवून घेईल, ऑर्गनवाल्याच्या हातात काही नसतं. असं बारीक लक्ष द्यायची कामं मैदानावर पावलोपावली असतात, आणि ती पाहणाऱ्याला टीव्हीच्या वेळापत्रकाशी भांडायला सवड नसते.

शेवटचा मुद्दा ऐकणाऱ्याच्या यंत्राचा. अमेरिकेत टीव्हीवर स्टीरिओ आवाज १९८४ मध्ये आला. त्याआधी घरच्या संचातून एकाच लहान स्पीकरचा आवाज येई. ‘इन कॉन्सर्ट’चा आवाज त्याच वेळी एफएम स्टेशनांवरून स्टीरिओत ऐकवण्याची पद्धत होती, ती याच कारणाने. तरीही कार्यक्रम बघणाऱ्यांसाठी बेतलेला होता. कॅमेऱ्याला काय दिसतं याला आवाजापेक्षा जास्त वजन होतं.

पेच

डीप पर्पलने शेवटून दुसरी जागा घेतली होती आणि ती सूर्यास्ताला धरून. मावळतीला स्टेजवर यायचं आणि अंधार पडत जाईल तसे दिवे खुलवायचे. त्या वर्षी तेलटंचाईमुळे अमेरिकेने जानेवारीपासूनच घड्याळं एक तास पुढे केली होती, त्यामुळे ६ एप्रिलला तिथे सूर्य मावळायला सव्वासात झाले.

महोत्सव मात्र वेळेच्या पुढे चालला होता. असं क्वचितच होतं. आधीचे बँड ठरल्याप्रमाणे आले, वाजवलं, उतरले. डीप पर्पलची पाळी आली तेव्हा आकाशात ऊन होतं. टीव्हीच्या माणसांना रिकामं स्टेज नको होतं. ताटकळणारी दोन लाखांची गर्दी आणि तासागणिक पैसे घेणारं पथक समोर होतं. ब्लॅकमोर जागचा हलायला तयार नव्हता.

दुसरा पेच कॅमेऱ्यांचा. स्टेजवरचे कॅमेरे वादकांच्या जवळ फिरत होते. जवळून घेतलेलं बोटांचं चित्र घरच्या प्रेक्षकाला आवडतं, पण ते घेणारा माणूस आणि त्याचं यंत्र मैदानातल्या प्रेक्षकांच्या आणि वादकाच्या मध्ये येतं. ब्लॅकमोरला ते खटकत होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय: उन्हातच सुरुवात करायची. टीव्हीला सोयीचं, कारण त्या काळच्या कॅमेऱ्यांना भरपूर प्रकाश लागे. बँडची मांडणी मात्र कोसळली असती. उन्हात स्टेजवरचे दिवे लागले काय आणि न लागले काय, सारखंच.

दुसरा: थांबायचं. जे ठरलं होतं ते मिळालं असतं. गर्दी अस्वस्थ होण्याचा आणि टीव्हीशी संबंध बिघडण्याचा धोका होता. नंतरच्या आठवणींमध्ये येतं की बँड आला नाही तर तसं जाहीर करू अशी धमकी दिली गेली. ती दिली गेल्यावर समजुतीने बोलणं संपलं.

तिसऱ्या पर्यायाचा विचार झाल्याचं कुठे दिसत नाही, आणि मला तोच रास्त वाटतो. मधल्या वेळात गर्दीला गुंतवून ठेवायचं, लोकांना खरं सांगायचं की पुढचा कार्यक्रम सूर्यास्ताला आहे, आणि त्या वेळेचा उपयोग ध्वनिमुद्रणासाठी करून घ्यायचा. माइक तपासायचे, ऑर्गन पुन्हा ऐकायचा, स्टेजवरच्या कॅमेऱ्यांनी कुठपर्यंत यायचं त्याच्या रेघा चिकटपट्टीने फळ्यांवर मारायच्या. मिळालेल्या वेळेत कॅमेऱ्याचा वादसुद्धा मिटवता आला असता.

ब्लॅकमोरच्या हट्टाबद्दल मराठी वाचकाने घाईने मत बनवू नये. सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालत असे. ध्वनिक्षेपकांच्या वेळेचे नियम कडक झाल्यावर रात्र गेली आणि उत्तररात्रीचे रागही तिथून हद्दपार झाले. त्याबद्दल पुण्यातले रसिक आजही हळहळतात. कलाकाराने प्रहर मागणं आपल्याला परकं नाही. सूर्यास्त मागणाऱ्या गिटारवादकाला नुसता लहरी ठरवायला मी तयार नाही.

काय केलं गेलं

बँड थांबला. सूर्य मावळतीला आल्यावर स्टेजवर आला आणि ‘बर्न’ या गाण्याने सुरुवात केली. हा निर्णय ध्वनिमुद्रणाच्या बाजूने उभा राहिला असं मी म्हणतो. चित्रणात पहिल्या गाण्यात मैदानावर संधिप्रकाश आहे, मग गर्दी हळूहळू काळोखात जाते आणि स्टेज उजळत जातं. काटछाट करून हा चढ आणता आला नसता. वाजवण्यातही तो चढ आहे. कव्हरडेल आणि ह्यूज एकमेकांच्या ओळी उचलून घेतात. ‘मिस्ट्रीटेड’मध्ये कव्हरडेल सावकाश, घसा मोकळा सोडून गातो, आणि नवा गायक बँडमध्ये पक्का बसला आहे हे त्या एका गाण्यातून कळतं. या ध्वनिमुद्रणाचं खरं मोल मला तिथे दिसतं.

मग ‘स्पेस ट्रकिन’’. त्या काळात हे गाणं लांबत जाऊन वीस-पंचवीस मिनिटांचं होई आणि शेवटी गिटार मोडण्याचा प्रकार ब्लॅकमोरसाठी नवा नव्हता. स्टेजवरचा कॅमेरा जवळ आला तेव्हा त्याने गिटारचा शेंडा त्या कॅमेऱ्यात पुनःपुन्हा खुपसला. दुसऱ्या कॅमेऱ्यांनी ते टिपलं. त्यानंतर एक अँप्लिफायर पेट्रोल ओतून पेटवला गेला. अपेक्षेपेक्षा खूप मोठा भडका उडाला, स्टेजचा भाग पेटला, धक्क्याने पेसचा चष्मा उडाला. आग विझवली गेली. अग्निशमन अधिकारी आणि टीव्हीची माणसं संतापली होती. अटक टाळण्यासाठी बँडला हेलिकॉप्टरने बाहेर काढलं. त्याच रात्री एमर्सन, लेक अँड पामर यांनी ठरल्याप्रमाणे महोत्सवाचा समारोप केला.

या दोन कृती एका दमात सांगितल्या जातात, म्हणून त्या एकाच तोलाच्या वाटतात. त्या तशा नाहीत. कॅमेऱ्याचं नुकसान पैशांनी भरून निघालं, बँडच्या व्यवस्थापनाने ते निस्तरलं. पेट्रोलचा प्रकार पैशांनी भरून निघणारा नव्हता. पाठीमागे बसलेला ड्रमर, केबल सांभाळणारी पोरं, कॅमेऱ्याच्या डोळ्यातून बघणारा आणि म्हणून आजूबाजूचं न दिसणारा माणूस, यांतल्या किती जणांना काय होणार आहे याची कल्पना होती? आगीला रंगीत तालीम नव्हती, मोजमाप नव्हतं. कलाकाराला त्याची वेळ आणि त्याचा प्रेक्षक मिळावा म्हणून मी कितीही भांडेन, या ठिकाणी मात्र त्याची बाजू घेता येत नाही.

परिणाम

टीव्हीवर कार्यक्रम त्याच वर्षी दाखवला गेला. जो प्रसंग टीव्हीवाल्यांना डोकेदुखी झाला होता, तोच बघायला सगळ्यांत जास्त माणसं थांबली असतील. बँडला अमेरिकेत एवढं मोठं दर्शन दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळालं नसतं.

ध्वनिमुद्रण म्हणून मात्र त्याचं नशीब विचित्र निघालं. बँड ऐन भरात असताना या मैफलीचा अधिकृत अल्बम आलाच नाही. या संचाचा थेट अल्बम निघाला तो ‘मेड इन युरोप’, १९७५ च्या एप्रिलमधल्या मैफलींतून, आणि तो १९७६ मध्ये बाजारात आला तोवर ब्लॅकमोर बँड सोडून गेला होता. कॅलिफोर्नियानंतर दीड महिन्याने, २२ मे १९७४ रोजी, लंडनमध्ये किलबर्नच्या गॉमॉन्ट स्टेटमध्ये बीबीसीने याच संचाला रेकॉर्ड केलं. ती मैफल १९८२ मध्ये अल्बम म्हणून आली. कॅलिफोर्नियाचं चित्रण १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेटवर पोचलं आणि आवाज स्वतंत्र अल्बम म्हणून १९९६ मध्ये. तोवर चाहत्यांमध्ये चोरट्या प्रतीच फिरत होत्या.

किलबर्न आणि कॅलिफोर्निया लागोपाठ ऐकून पाहावं. माणसं तीच, गाणी बहुतेक तीच. किलबर्नमध्ये नाट्यगृहाचं छत आवाजाला धरून ठेवतं, बँड एकजीव ऐकू येतो. कॅलिफोर्नियात प्रत्येक वाद्य आपापल्या जागी उघडं उभं आहे. अनेकांना किलबर्न जास्त आवडतं. माझा कौल कॅलिफोर्नियाला आहे, कारण त्या उघडेपणात बँड एकमेकांचं किती ऐकतो आहे ते कळतं.

काय वेगळं करता आलं असतं

करारात घड्याळाची वेळ आणि सूर्यास्त या दोन्ही गोष्टी लिहायला हव्या होत्या, आणि महोत्सव पुढे सरकला तर काय, हेही. उशीर झाला तर काय करायचं याचं कलम बहुतेक करारांत सापडतं. लवकर झालं तर काय, हे फार थोडे लिहितात. आपल्याकडे रात्री दहाची मर्यादा असल्यामुळे हा प्रश्न उलट्या बाजूने येतो. आधीच्यांनी वेळ खाल्ला की शेवटच्या बँडचा कार्यक्रम छाटला जातो, आणि ध्वनिमुद्रणवाल्याला ते स्टेजच्या पायरीवर कळतं. गाण्यांची एक छोटी यादी आधीच हातात असेल तर निदान शेवट तरी अर्ध्यात तुटत नाही.

स्टेजवरच्या कॅमेऱ्याचा निर्णय दिग्दर्शक आणि वादक यांनी समोरासमोर बसून घ्यायला हवा. मधल्या माणसांतून निरोप पाठवून नाही. वादकाने एक जागा नाकारली तर दुसरी सुचवावी, कारण जवळचं चित्र हवंच असतं. लांब भिंगाचा कॅमेरा बाजूने लावला तर बोटंही दिसतात आणि समोरची वाट मोकळी राहते. हे १९७४ मध्येही शक्य होतं.

आगीबद्दल एकच. स्टेजवर ज्वाला आणायची तर अग्निशमन अधिकाऱ्याला आधी सांगून, जाणकार माणसाकडूनच, आणि स्टेजवरच्या प्रत्येकाला क्षण ठाऊक असताना. यात तडजोड नाही.

शेवटी टेपांचा ताबा. चित्रण टीव्हीचं, संगीत बँडचं, अल्बम काढण्याचे हक्क रेकॉर्ड कंपनीकडे. अशा वाटणीत टेप सांभाळण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे कागदावर नसलं की ती कोणाचीच राहत नाही. त्या रात्री बँडने ‘ले डाउन, स्टे डाउन’ही वाजवलं होतं. सुरुवातीच्या आवृत्त्यांत ते नव्हतं. ते बरंच पुढे, नंतरच्या आवृत्तीत ऐकायला मिळालं. आज मैदानावरून परत येतानाच ट्रॅकच्या दोन प्रती दोन वेगळ्या गाड्यांतून न्याव्यात, एक आयोजकाकडे आणि एक बँडकडे. आणि कोणत्या प्रतीवरून काय प्रसिद्ध करायचं, त्यावर सही कार्यक्रमाच्या आधीच घ्यावी.